मनी प्लांटची पानं दिवसेंदिवस बारकी होतायत, उजेडाचं नक्की गणित काय?

तिसरा_मजला
११ ऑगस्ट, सकाळी १०:४२

नमस्कार मंडळी, झाडांच्या बाबतीत मी अगदीच ढ आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. फेब्रुवारीत एका लग्नाला उरुळी कांचनला गेलो होतो, येताना रस्त्यावरच्या नर्सरीतून मनी प्लांट आणला. हिरव्यावर पिवळे शिंतोडे असतात तो साधाच, पण काय तजेलदार होता, एकेक पान माझ्या तळहाताएवढं. नर्सरीवाला म्हणाला "कुठंपण ठेवा मॅडम, हा मरत नसतो." म्हणून हॉलमध्ये टीव्ही युनिटवर ठेवला, वेल खाली सोडला, पाहुणे पण म्हणायचे छान दिसतोय.

आता नवीन पान येतं ते जेमतेम बेलाच्या पानाएवढं. दोन पानांच्या मध्ये चार-पाच बोटं नुसती दांडी. आणि पिवळे शिंतोडे गायबच, सगळी नवीन पानं एकरंगी हिरवी. कुंडीजवळची जुनी दोन-तीन पानं पिवळी पडून गळली पण.

मध्ये एप्रिलमध्ये कुठंतरी वाचलं की भरपूर उजेड लागतो, म्हणून बेडरूमच्या पश्चिमेच्या खिडकीत नेऊन ठेवला आणि चार दिवसांत पानांचे पापड झाले. तपकिरी, कुरकुरीत, हात लावला की चुरा. घाबरून परत टीव्हीवर आणला. म्हणजे उजेड दिला तरी पंचाईत, नाही दिला तरी पंचाईत. व्हिडिओ बघावेत तर एक बाई म्हणते दक्षिणेची खिडकी बेस्ट, दुसरा म्हणतो दक्षिणेला चुकूनही नको. सासूबाईंचं वेगळंच, त्या म्हणतात मनी प्लांट आग्नेयेलाच पाहिजे, बाकी कुठे ठेवलात तर पैसा टिकत नाही.

घर कोथरूडला, तिसरा मजला. हॉलची बाल्कनी उत्तरेला, समोर वीसेक फुटांवर दुसरी बिल्डिंग. बेडरूमची खिडकी पश्चिमेला, मुलाच्या खोलीची पूर्वेला, स्वयंपाकघर आग्नेय कोपऱ्यात आणि त्याची खिडकी दक्षिणेला, वर छज्जा आहे. कुठे ठेवू आणि "भरपूर पण थेट नको" म्हणजे नेमका किती उजेड हे कुणी मराठीत समजावून सांगेल का?


पाटपाणी
११ ऑगस्ट, सकाळी ११:०५

पाणी किती घालता? आणि कुंडीला खाली भोक आहे का? आधी ते सांगा.


तिसरा_मजला
११ ऑगस्ट, सकाळी ११:२०

दर दोन दिवसांनी एक मग. भोक आहे, पण ती प्लास्टिकची कुंडी मी एका सिरॅमिकच्या शोच्या कुंडीत ठेवलीय, तिला नाही.


पाटपाणी
११ ऑगस्ट, सकाळी ११:३१

आजच बाहेर काढून बघा, शोच्या कुंडीत तळाला पाणी साचलेलं असणार. ऑगस्टमध्ये, त्यातून अंधाऱ्या कोपऱ्यात, दोन दिवसांनी एक मग म्हणजे फार होतं. उजेड कमी म्हणजे झाड पाणी पीतच नाही, माती आठ-आठ दिवस ओली राहते आणि मुळं कुजायला लागतात. ती जुनी पानं पिवळी पडून गळतायत ती त्यामुळेच असावीत. बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. चिलटं उडतात का कुंडीभोवती?


तिसरा_मजला
११ ऑगस्ट, सकाळी ११:५०

ईईई हो! पाणी होतं, वास पण मारत होतं. आणि चिलटं तर आहेतच, मला वाटायचं केळ्यांची आहेत.


चहाबाज
११ ऑगस्ट, दुपारी १२:१५

मूळ चूक कुणी सांगतच नाहीये. विकत आणलात तिथेच गंडलं, मनी प्लांट चोरून आणायचा असतो. आमच्या आजीने शेजारच्या गेटवरून तोडून आणलेला अजून जोरात आहे 😄


गच्चीवरचा
११ ऑगस्ट, रात्री ९:४०

ताई, नर्सरीवाला खोटं नाही बोलला, हा मरत नाही. पण मरत नाही म्हणजे वाढतो असं नाही. टीव्हीवर तुमचा मनी प्लांट फेब्रुवारीपासून साठवणीवर जगतोय. पेरं लांब झाली, पान बारीक झालं, शिंतोडे गेले, ही तिन्ही लक्षणं उजेड कमी असल्याची. उजेड शोधायला वेल नुसता लांब धावतो आणि पानावर खर्च करत नाही. पिवळ्या भागात हरितद्रव्य कमी असतं, म्हणजे तो भाग खातो पण कमावत नाही, टंचाई आली की तसली चैन बंद, सगळं पान हिरवं. जी पानं हिरवी आली ती आता हिरवीच राहणार, शिंतोडे आले तर पुढच्या पानांवर येतील.

आता नेमका किती उजेड. इथे सगळे जण फसतात कारण आपला डोळा पक्का लबाड आहे. उजेड मोजतात लक्समध्ये. भर दुपारी स्वच्छ उन्हात बाहेर साधारण एक लाख लक्स असतात, त्याच वेळी खिडकीपासून दहा-बारा फूट आत शंभर-दीडशे. हजार पटीचा फरक, पण डोळा बाहुली मोठी करून जमवून घेतो आणि आपण म्हणतो आमचा हॉल कसा छान उजेडाचा आहे, पेपर वाचता येतो. पेपर वाचायला दोनशे लक्स पुरतात हो, मनी प्लांट काय पेपर वाचत नाही.

मोबाईलवर लक्स मोजायचं फुकट ॲप मिळतं, घ्या. पान जिथे आहे तिथेच फोन ठेवायचा, स्क्रीन उजेडाकडे करून. आकडे काटेकोर नसतात, दोन फोन दोन आकडे दाखवतील, पण एकाच फोनने घरभर फिरलात की कुठली जागा कुठल्या जागेच्या किती पट आहे ते कळतं आणि आपल्याला तेवढंच पाहिजे. माझ्याकडचा हिशोब असा की पाचशेच्या खाली नुसता तग धरतो, हजार-दीड हजाराला हळूहळू चालतो, दोन हजार ते दहा हजारात खुशीत असतो, आणि हे दिवसातले पाच-सहा तास तरी मिळायला पाहिजेत. सकाळी दहा मिनिटं मिळाले म्हणजे झालं असं नाही.

फोनची कटकट नको असेल तर पांढरा कागद कुंडीच्या जागी ठेवा आणि हात फूटभर वर धरा. बोटं वेगवेगळी मोजता येतील अशी धारदार सावली पडली तर तिथे ऊन आहे. हात कळतो पण कडा पुसट आहेत, ही जागा आपली. आणि नुसता धुरकट डाग, किंवा काहीच नाही, तर तिथे प्लास्टिकचं झाड ठेवा.

एप्रिलमध्ये करपलं त्यात उजेडाचा एकट्याचा दोष नाही. दोन महिने अंधारात वाढलेली पानं एकदम पश्चिमेच्या खिडकीत, तीन ते सहाचं ऊन, वर तापलेली काच. वर्षभर एसीत बसलेल्या माणसाला मे महिन्यात शेतात उभं केल्यासारखं झालं ते. नर्सरीत पण ही झाडं हिरव्या शेडनेटखाली असतात, उघड्या उन्हात नसतात. आत-बाहेर करताना आठवडा-दहा दिवस टप्प्याटप्प्याने न्यायचं, रोज वीतभर पुढे सरकवलं तरी चालेल.

दिशांचं उद्या लिहितो, झोप आली.


उगाच_एक
११ ऑगस्ट, रात्री १०:२०

एवढं काही नसतं हो. माझा बाथरूममध्ये दारूच्या बाटलीत चार वर्षं आहे, छोट्या झरोक्यातून येतो तेवढाच उजेड. ना लक्स ना फिक्स. मस्त आहे.


गच्चीवरचा
१२ ऑगस्ट, सकाळी ७:१०

चार वर्षांत किती पानं झाली?


उगाच_एक
१२ ऑगस्ट, सकाळी ८:४५

सात. पण पाचाची सात झालीत!!


गच्चीवरचा
१२ ऑगस्ट, सकाळी ९:३०

😀 तेच म्हणतोय.

आता दिशा. व्हिडिओवाली बाई दक्षिणेची खिडकी बेस्ट म्हणते ती बहुतेक युरोप-अमेरिकेत बसून सांगतेय, आणि दुसरा नको म्हणतो तो दिल्लीत की दुबईत कुणास ठाऊक. आपल्याला दोघांचंही उपयोगाचं नाही कारण पुणं साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो तो आठवा, सूर्य बरोब्बर डोक्यावर. तिथून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो! म्हणजे मे-जूनमध्ये उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळी तिरकं ऊन येऊ शकतं आणि दक्षिणेच्या खिडकीला उन्हाचा एक कवडसा नसतो, नुसता उजेड. उलट डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला अठ्ठेचाळीस अंशांपर्यंतच चढतो, छज्जाखालून आत शिरतो. दक्षिणेची खिडकी हिवाळ्यात उन्हाची आणि उन्हाळ्यात सावलीची, आपल्याकडे तिची भीती बाळगायचं काही कारण नाही. खरी वैरीण पश्चिमेची, तीही फेब्रुवारीअखेर ते पाऊस पडेपर्यंत. आत्ता ऑगस्टच्या ढगाळ हवेत तीच खिडकी झाडाला गोड वाटेल.

पूर्व मला सगळ्यात आवडते. सकाळचं तास-दीड तास कोवळं ऊन मनी प्लांटला मानवतं, नंतर दिवसभर नुसता उजेड. तुमच्याकडे मुलाची खोली पूर्वेला आहे म्हणताय.

पण दिशा हे निम्मंच. समोर बिल्डिंग आहे का, काचेला काळी फिल्म आहे का, मच्छरजाळी किती वर्षं धुतलेली नाही, पडदा कायम अर्धा ओढलेला असतो का, यात सगळं फिरतं. म्हणून मोजा. रविवारी घरी असाल तर सकाळी, दुपारी, संध्याकाळी तीनदा मोजून इथे टाका.


बर्लिनची_थंडी
१२ ऑगस्ट, दुपारी ३:१०

गच्चीवरचा यांना दुजोरा. मी मूळची साताऱ्याची, आता बर्लिनला सहा वर्षं. इथे ५२ अंशांवर डिसेंबरात दुपारी बारालाही सूर्य क्षितिजापासून जेमतेम चौदा अंश वर असतो आणि दिवस आठ तासांचा पण नाही. इथे मनी प्लांट दक्षिणेच्या खिडकीला अगदी चिकटवून ठेवला तरी हिवाळ्यात हूं की चूं करत नाही. मी पहिल्या वर्षी आईच्या सवयीने "ऊन लागेल" म्हणून खिडकीपासून लांब ठेवला होता, फेब्रुवारीपर्यंत नुसत्या दोऱ्या उरल्या. त्याच आईने इथले व्हिडिओ बघून साताऱ्यात गच्चीवर उघड्या उन्हात ठेवला, तो जळाला. दोघींनी एकमेकींचा सल्ला ऐकून आपापलं झाड मारलं 😅

गंमत म्हणजे इथे दुकानात मनी प्लांट मागितलं तर भलतंच झाड हातात देतात. आपल्या मनी प्लांटला इथे एफॉयटुटे म्हणतात, हे कळायलाच मला वर्ष गेलं.


सुपारीची_बाग
१२ ऑगस्ट, रात्री ८:००

गुहागरहून. वरचं सगळं बरोबर आहे पण एक गोष्ट राहिली. ताई तुम्ही लिहिलंत वेल खाली सोडला. मनी प्लांट लोंबकळायचं झाड नव्हेच, चढायचं आहे. आमच्या आगरात एका माडावर वडिलांनी कधीतरी लावलेला आहे, वर पंधरा फुटांवर त्याची पानं सुपाएवढी आहेत, खोटं नाही, सुपाएवढी, आणि कडेला केळीच्या पानासारखी फाटलेली. पाव्हणे विचारतात हे कुठलं झाड, मनी प्लांट म्हटलं की हसतात. आणि त्याच वेलाचा एक फाटा गडग्यावरून खाली लोंबतो, त्याची पानं बेताची. झाड एक, माती एक, पाऊस तोच, आणि लोंबणाऱ्या फाट्याला उजेड तर उलट जास्तच, गडगा मोकळ्यावर आहे.

खाली लोंबणारा वेल पान लहान करत जातो. मुळं पकडायला काही मिळालं, वेल वर चढायला लागला की पान मोठं होत जातं. मूळचं हे पॅसिफिकमधल्या मोओरेआ बेटावरचं, तिथल्या रानात झाडांवर चढणारं. त्यामुळे तुमच्या बेलाच्या पानात निम्मा दोष टीव्हीच्या अंधाराचा धरा आणि निम्मा वेल खाली सोडला त्याचा. काथ्या गुंडाळलेली काठी मिळते ती रोवा, काथ्या ओला ठेवा, वेल तिला सैल बांधा. फक्त काठी रोवून पण अंधारातच ठेवलात तर काही व्हायचं नाही, उजेड आधी.

आणि घरात मांजर असेल तर तिला चावू देऊ नका, तोंडाची आग होते.


गच्चीवरचा
१२ ऑगस्ट, रात्री ९:१५

हे माझ्याकडून राहिलंच, बरं झालं लिहिलंत. माडावरच्याचा फोटो टाका ना.


सुपारीची_बाग
१२ ऑगस्ट, रात्री ९:२२

पाऊस थांबला की. सध्या आगरात ढोपरभर चिखल आहे.


तिसरा_मजला
१७ ऑगस्ट, रात्री १०:०५

मंडळी, रविवार सत्कारणी लावला. नवरा म्हणाला ही फोन घेऊन भिंतींना ओवाळत का फिरतेय. आकडे टाकते, सकाळी साडेआठ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच असे तीनदा घेतले. बाहेर दिवसभर ढगाळ, मधूनच दहा मिनिटं ऊन.

टीव्ही युनिट: ४०, ९०, ५५.
बाल्कनीच्या दाराशी सोफ्याजवळ, दारापासून चार फूट: ३५०, ७००, ४००.
मुलाच्या खोलीची पूर्वेची खिडकी, कट्ट्यावर: ऊन पडलं तेव्हा २२,०००, दुपारी २६००, संध्याकाळी ९००.
त्याच खोलीत खिडकीपासून तीन फूट आत त्याच्या टेबलावर: १९००, ६५०, २५०.
पश्चिमेची खिडकी: १२००, २८००, पाच वाजता ७०००.
स्वयंपाकघराची खिडकी: ८००, १८००, ९००.

मला खरंच धक्का बसला. टीव्हीजवळ ९०!! मी तिथे बसून भाजी निवडते, मला कधी अंधार वाटला नाही. आणि खिडकीपासून तीन फूट मागे आलं की एवढं उतरतं? कट्ट्यावर २६०० आणि टेबलावर ६५०, बरोब्बर पाव.

शिवाय जाळी सरकवून पुन्हा मोजलं, दुपारचा आकडा २६०० वरून ३५०० झाला. जाळी धुतली मग. पाणी बघण्यासारखं होतं, म्हणजे बघू नये असं.

तर पूर्वेचा कट्टा ना? की २२,००० म्हणजे परत पापड?


गच्चीवरचा
१८ ऑगस्ट, सकाळी ७:००

पूर्वेचाच कट्टा. २२,००० सकाळचे आहेत, तास-दीड तास, हवा गार असते, चालतं. फक्त थेट नेऊ नका, पाच-सहा दिवस मुलाच्या टेबलावर, मग कट्ट्यावर कडेला, मग मध्ये. जुन्या पानांवर एखादा डाग पडला तर घाबरू नका, नवीन पानं त्या उजेडाच्या हिशोबाने तयार होऊनच येतात.

आणि मार्चमध्ये पुन्हा मोजा, पावसातले आकडे उन्हाळ्याला लागू नाहीत. पाण्याचं पण तसंच, जास्त उजेडात नेल्यावर माती लवकर सुकेल, टीव्हीवरच्या सवयीने घालू नका की तोडू नका, बोट घालून बघा.

वेलाची ती उघडी दांडी काही पुन्हा पानं धरत नाही. कापा. दोन-तीन पेरांचे तुकडे करा, प्रत्येकावर एक पान आणि तो तपकिरी बुटका कोंब असतो ना पेरापाशी, तो असला पाहिजे, तिथूनच मुळं फुटतात. पाण्यात ठेवा. कुंडीतल्या बुंध्याला पण नवीन फुटवे येतील. ज्या पेरापर्यंत शिंतोडे होते तिथपर्यंत मागे कापलंत तर शिंतोड्यांचा फुटवा यायची शक्यता जास्त.


खोली_नंबर_सात
१८ ऑगस्ट, सकाळी ११:३०

तुमच्याकडे चार दिशांना चार खिडक्या आहेत म्हणून ही चर्चा तरी चाललीय. आम्ही दादरला जुन्या बिल्डिंगमध्ये एका खोलीत, खिडकी एकच आणि ती डक्टमध्ये उघडते. दुपारी बाराला कट्ट्यावर १२० लक्स, बाकी वेळ कबुतरं. आमच्यासारख्यांनी काय करायचं हे कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो.

साधा ९ वॅटचा एलईडी बल्ब, पांढरा, डब्यावर ६५०० के लिहिलेलं असतं तो. जांभळे ग्रो लाईट घेऊ नका, माझ्याकडे होता, खोली डान्सबारसारखी दिसायची, खालचा मजला विचारायला आला. पांढऱ्या उजेडात झाडाला लागणारं सगळं असतं. बल्ब कुंडीच्या बरोबर वर एक फुटावर टांगलाय, माझ्या फोनवर तिथे १४०० दिसतात. दोन फुटांवर नेला तर थेट साडेतीनशे, म्हणजे अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई, हे शाळेत शिकलो होतो पण उपयोग पहिल्यांदा झाला. छताचा ट्यूबलाईट म्हणूनच झाडाला कामाचा नसतो, तो फार लांब असतो.

१४०० हा आकडा खिडकीच्या मानाने कमी वाटेल, पण खिडकीत तो दोन-चार तासच असतो आणि मी टायमरच्या प्लगवर रोज बारा तास देतो. आकडा गुणिले तास असा हिशोब धरायचा. रात्री बंद, झाडाला पण झोपू दे, मला पण. वीज महिन्याला सव्वातीन युनिट लागते, वडापावच्या पैशात झाड जगतं.

पान तळहाताएवढं झालं नाही अजून, पण डक्टवाल्या खोलीत दर तीन आठवड्यांनी एक नवीन पान उघडतं, सकाळी दात घासताना बघतो, गुंडाळीतून हळूहळू सुटत असतं.


उगाच_एक
१८ ऑगस्ट, दुपारी १:००

बाथरूममध्ये बल्ब लावू का मग?


खोली_नंबर_सात
१८ ऑगस्ट, दुपारी १:२०

बाथरूममध्ये वाफेत उघडी वायर नको राव, बाटलीच बाहेर काढा.


पाटपाणी
१८ ऑगस्ट, दुपारी २:४५

आणि पानं पुसत जा सगळ्यांनी. ओल्या फडक्याने, महिन्यातून दोनदा. रस्त्याकडेच्या घरात पानावर धुळीचा थर बसतो, खिडकीतून आलेला उजेड त्या धुळीवरच अडतो. दुधाने किंवा तेलाने चमकवू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते. आमच्या वहिनी खोबरेल लावायच्या, मुंग्या लागल्या.


तिसरा_मजला
२६ ऑक्टोबर, सकाळी ११:१५

बरेच दिवसांनी आले, माफ करा, गणपती-दिवाळीत वेळच झाला नाही. रिपोर्ट देते.

शोची कुंडी बाद केली, आता तिच्यात कांदे आहेत. मुळं थोडी कुजली होती, काळी आणि मऊ, ती कापून टाकली, नवीन माती आणि कोकोपीट अर्धं-अर्धं. कुंडी ऑगस्टच्या शेवटापासून पूर्वेच्या कट्ट्यावर आहे. सप्टेंबरभर काहीच झालं नाही, मी रोज बघायचे आणि वैतागायचे, इथे येऊन भांडणारच होते. मग दसऱ्याच्या सुमारास बुंध्यापाशी एक टोक दिसलं, हिरवी सुई असावी तसं. चार दिवस तसंच. पाचव्या दिवशी सकाळी मुलगा शाळेला जाताना ओरडला "आई, उघडलं!" आणि त्या पानावर एका बाजूला पिवळा ओघळ आहे, कुणी ब्रश झटकल्यासारखा. त्यानंतर आणखी दोन आली, दोन्हीवर शिंतोडे, आणि तिसरं पहिल्यापेक्षा मोठं आहे, फूटपट्टीने मोजलं, साडेनऊ सेंटीमीटर. काथ्याची काठी रोवलीय, एका मुळाने तिला पकडलंय, सोडवून बघितलं तर सुटेना. आता आकाश मोकळं झाल्यावर सकाळचा आकडा ३०,००० च्या वर जातो पण पानं करपली नाहीत.

आग्नेयेचं पण मिटलं. कापलेले तुकडे कॉफीच्या बरणीत घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले, तिथे दुपारी १८०० होतेच, आता ऊन दक्षिणेकडे सरकल्यावर ३००० च्या पुढे जातात. सासूबाई खूश, त्यांनी बरणीत एक रुपयाचं नाणं पण टाकलंय. दर रविवारी पाणी त्याच बदलतात, मला हात लावू देत नाहीत. मुळं माझ्या करंगळीएवढी झालीत.

टीव्ही युनिटवर नवऱ्याने प्लास्टिकचं झाड आणून ठेवलंय. पाहुणे म्हणतात छान दिसतोय.

आणि तुकडे एकूण अकरा निघाले, बरणीत सहा आहेत, पाच जास्त झालेत. कोथरूडमध्ये कुणाला हवे असतील तर सांगा.


चहाबाज
२६ ऑक्टोबर, दुपारी १२:०२

मला हवाय, मी कर्वेनगरला आहे. पण असा देऊ नका हो, दिलेला लागत नाही.


तिसरा_मजला
२६ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

बरं. पत्ता मेसेज करते. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातल्या खिडकीत पाण्याच्या बाटलीत ठेवते, दोन ते चार मी झोपलेली असते. बाटली मात्र ठेवून जा, स्टीलची आहे.